इंदुरात राहून मैफल, ध्वनिमुद्रण आणि बेसबॉल हे तीन नाद कसे सांभाळावेत

मैफली ऐकणे, त्यांची ध्वनिमुद्रणे जमवणे आणि बेसबॉल पाहणे हे तीन नाद एकाच माणसाला असणे वाटते तितके नवलाचे नाही. तिन्ही ठिकाणी बराच वेळ काही घडत नसल्यासारखे वाटते आणि मग एखाद्या आवर्तनात किंवा एखाद्या चेंडूवर सगळे एकदम घडून जाते. अमेरिकेत ही सोबत जुनीच आहे. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाने श्रोत्यांना आपल्या कार्यक्रमांचे मुद्रण करण्याची मुभा दिली होती आणि ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाही राखली. त्याच वृंदातील जेरी गार्सिया, बॉब वेअर आणि विन्स वेल्निक यांनी १२ एप्रिल १९९३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्स या बेसबॉल संघाच्या त्या हंगामातील घरच्या पहिल्या सामन्यापूर्वी राष्ट्रगीत गायले. इंदूर हे अमीर खाँसाहेबांचे गाव आहे आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या होळकर संघाचेही आहे. गाणे आणि खेळ यांपैकी एकच निवडावा, असे या गावाने कधी कुणाला सांगितलेले नाही.

या तिन्ही नादांना शिस्त मात्र एकच लागते, आणि ती म्हणजे जे ऐकले किंवा पाहिले त्याची नोंद त्याच बैठकीत करणे. वहीशिवाय हे नाद करणाऱ्याजवळ काही वर्षांनी ‘फार छान झाले होते’ एवढेच उरते. पुढील सूचना या एका सवयीभोवती रचलेल्या आहेत.

वर्षाची आखणी

माळव्यातील मैफलींचा हंगाम गणेशोत्सवाच्या सुमारास सुरू होतो, दिवाळी पहाट आणि हिवाळ्यातील समारोहांनी भरात येतो आणि एप्रिलात देवासला कुमार गंधर्वांच्या जयंतीनिमित्त होणाऱ्या गायनापर्यंत चालतो. अमेरिकेतील मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा हंगाम नेमका मार्चच्या अखेरीस उघडतो; ३० संघ प्रत्येकी १६२ सामने खेळत सप्टेंबरची अखेर गाठतात आणि ऑक्टोबरात बाद फेऱ्या होतात. म्हणजे दोन्ही नाद एकमेकांच्या आड येतात ते मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या दोन महिन्यांत मैफलीला अग्रक्रम द्यावा, कारण सामन्याचे चित्रण दुसऱ्या दिवशीही पाहता येते, गवई मात्र तोवर पुढच्या गावी पोहोचलेला असतो. एप्रिल आणि मे हे कोरड्या हवेचे महिने जुन्या कॅसेटींच्या कामासाठी राखावेत.

इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला गाण्याची बातमी शोधत हिंडावे लागत नाही. सानंद न्यासाचे सभासद झाल्यास विद्यापीठाच्या सभागृहातील कार्यक्रमांची सोय होते, आणि रवींद्र नाट्यगृहाच्या फलकावर जाता-येता नजर टाकली तरी पुष्कळ कळते. डिसेंबरातील तानसेन समारोहासाठी ग्वाल्हेरला जाण्याचा बेत मात्र आधीच आखावा. घरगुती बैठकींची बातमी छापून येत नाही. रामूभैया दाते यांच्यासारख्या रसिकाग्रणींच्या या गावात ती अजूनही तोंडोतोंडीच फिरते, त्यामुळे तबलजी आणि तंबोऱ्यावर बसणारे विद्यार्थी यांच्याशी ओळख असावी. नाव ऐकलेले नाही म्हणून एखाद्या तरुण गायकाची मैफल चुकवू नये.

बेसबॉलचे घड्याळ

इंदुरातून बेसबॉल पाहणाऱ्याने संघ निवडण्याआधी घड्याळ समजून घ्यावे. जवळजवळ संपूर्ण हंगामभर अमेरिकेत उन्हाळी वेळ पाळली जाते, त्यामुळे न्यूयॉर्क आणि बॉस्टन आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे असतात, शिकागो साडेदहा तासांनी आणि लॉस एंजेलिस साडेबारा तासांनी. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४.३५ ला लागतो, पश्चिम किनाऱ्यावरचा ७.१० चा सामना सकाळी ७.४० ला, आणि रविवारी दुपारी १.३५ ला पूर्वेकडे सुरू होणारा सामना आपल्या रविवारी रात्री ११.०५ ला. संघ मन बसेल तो निवडावा, हे बोलायला ठीक आहे. पण नोकरी करणाऱ्याने पूर्वेकडच्या संघावरच मन बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ पासून चेंडू टाकण्यासाठी वेळेची मर्यादा आल्यावर नऊ डावांच्या सामन्याची सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली, त्यामुळे पहाटे सुरू झालेला सामना सव्वासातच्या सुमारास संपतो आणि आंघोळ, डबा, कचेरी यांपैकी कशाचाही खोळंबा होत नाही. बरोबरी झाली तर जादा डाव खेळले जातात, आणि ते हटकून मुलांच्या शाळेची बस येण्याच्या वेळेलाच सुरू होतात. त्याला उपाय नाही.

रोज पडद्यासमोर बसणे शक्य नसेल तर धावते समालोचन ऐकावे. सुशील दोशींचे हिंदी समालोचन कानांत मुरलेल्या इंदूरकराला मैदान न पाहता खेळ दिसण्याची सवय असतेच. समालोचन चालू असताना मागे हळू आवाजात गाणे लावण्याचा मोह टाळावा. दोन्ही अर्धवट ऐकू येतात आणि वहीत काहीच उतरत नाही.

धावपत्रिका कशी लिहावी

बेसबॉलची धावपत्रिका लिहिण्याची रीत रुजवणाऱ्यांत हेन्री चॅडविक हे नाव अग्रभागी येते. तो इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि मुळात क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणारा पत्रकार होता, त्यामुळे क्रिकेटची गुणवही पाहिलेल्या माणसाला ही पद्धत परकी वाटत नाही. क्षेत्ररक्षकांना ठरलेले आकडे असतात: चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरमागे तो झेलणारा कॅचर २, पहिला, दुसरा आणि तिसरा बेस राखणारे अनुक्रमे ३, ४ आणि ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि बाहेरच्या मैदानात डावीकडे ७, मध्ये ८, उजवीकडे ९. ही जागांची ओळख आहे. खेळाडूच्या पाठीवरच्या आकड्याशी तिचा संबंध नाही.

समजा, पहिल्या बॅटरने जमिनीलगत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर बाद झाला. त्याच्या चौकटीत ६-३ असे लिहावे आणि बाजूला वर्तुळात १ हा आकडा टाकावा, म्हणजे एक बाद. दुसऱ्याला फटक्यासाठी ठरलेल्या पट्ट्याबाहेर पडलेल्या चार चेंडूंमुळे पहिला बेस फुकट मिळाला. त्याच्या चौकटीत बारीक चौकोन काढून पहिल्या बेसपर्यंतची कड गडद करावी. तिसऱ्याने पुन्हा शॉर्टस्टॉपकडेच चेंडू मारला, तेथून तो दुसऱ्या बेसवर आणि तेथून पहिल्यावर गेला. ही नोंद ६-४-३, आणि एका चेंडूवर दोघे बाद. अर्धा डाव संपला आणि तीन छोट्या चौकटींत तो जसाच्या तसा राहिला. तीन स्ट्राइक होऊन, म्हणजे मारण्याजोगे चेंडू हुकवून किंवा सोडून, बाद होणाऱ्यासाठी इंग्रजी ‘के’ हे अक्षर लिहितात; शेवटचा चेंडू त्याने बॅट न हलवता नुसता पाहिला असेल तर तेच अक्षर उलटे काढतात. महिनाभर असे लिहिल्यावर पिचर दमत चालल्याचे समालोचक सांगण्याआधी आपल्याला कळू लागते, कारण त्याच्या चेंडूंवर मारलेले फटके आधी जमिनीलगत आणि मग हवेत जाऊ लागल्याचे कागदावर दिसत असते.

मैफलीची वही

हीच सवय सभागृहात न्यावी. पानाच्या माथ्यावर तारीख, स्थळ, कलाकार, साथीदार आणि शक्य असल्यास तंबोऱ्यावर बसलेल्यांचीही नावे लिहावीत. त्याखाली गायकाचा षड्ज, म्हणजे काळी एक, पांढरी पाच किंवा जो असेल तो. पुढे मुद्रण तपासताना या एका नोंदीचा फार उपयोग होतो. अंधारात मान खाली घालून लिहीत बसू नये. घड्याळातील वेळ आणि दोन शब्द इतकेच टिपावे, आणि उरलेले कार्यक्रम संपल्यावर, हिवाळा असेल तर सराफ्यात गराडू खाता खाता, आठवणी ताज्या असतानाच पूर्ण करावे.

नमुना म्हणून मारव्याची एक काल्पनिक नोंद अशी असेल: ‘६.१० मारवा, विलंबित झूमरा. ६.१९ षड्जावर पहिला न्यास. ६.३४ तार सप्तक. ६.५२ द्रुत तीनताल. ७.०४ समाप्त. ६.४० ला तबला पुन्हा मिळवला.’ यात स्तुतीचा एकही शब्द नाही, आणि तरीही गायकाने मारव्यात षड्जाला नऊ मिनिटे दूर ठेवले होते हे त्यातून समजते. त्याच गायकाचा दुसऱ्या मैफलीतील मारवा असाच टिपला की त्याची बढत कोठे लांबते आणि कोठे आखडते हे तुलनेने कळू लागते. बंदिशीचे पहिले चार शब्द अवश्य लिहावेत. राग ओळखू आला नाही तर आरोह-अवरोहात कोणते स्वर ऐकले ते लिहून जागा मोकळी सोडावी. शेजाऱ्याच्या कानात विचारू नये.

स्वतः मुद्रण करताना

परवानगी कलाकार आणि आयोजक या दोघांचीही घ्यावी, आणि ती तंबोरे जुळायला लागण्याआधी घ्यावी. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे टिकतो. खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्यात सवलत आहे, परंतु ते मुद्रण वाटणे किंवा जाहीर करणे त्या सवलतीत बसत नाही. आयोजकांनी नकार दिला तर रेकॉर्डर पिशवीतच ठेवावा.

यंत्र साधे असले तरी चालते. दोन माइक अंगभूत असलेला हातात मावणारा रेकॉर्डर पुरेसा आहे. मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. तासाला सुमारे एक जीबी जागा लागते, तेवढी मोकळी आहे का ते घरीच पाहून निघावे. आवाजाची पातळी आपोआप जुळवण्याची सोय बंद करावी, कारण गायक क्षणभर थांबला की ती तंबोरा वर खेचते आणि समेवर एकदम सगळे दाबून टाकते. पातळी हाताने अशी ठेवावी की तंबोरे-तबला जुळवताना होणारा सर्वांत मोठा आवाज उणे १८ डेसिबलच्या आसपास राहील. विलंबिताच्या आरंभी ती फार कमी वाटेल, तरी बदलू नये. तासाभराने द्रुतातल्या ताना आणि तबल्याचा जोर ही मोकळी जागा भरून काढतात. बसायला तिसऱ्या ते पाचव्या रांगेतील मधली जागा उत्तम. लाउडस्पीकरच्या समोर, पंख्याखाली आणि मांडीवर जोराने ताल धरणाऱ्या रसिकाच्या शेजारी बसू नये.

मिक्सरमधून थेट तार घेण्याची संधी मिळाली तर ती जरूर घ्यावी, पण समोरच्या रेकॉर्डरला पर्याय म्हणून नव्हे. मिक्सरच्या मुद्रणात गळा आणि तबला अगदी कानाशी येतात. सभागृह आणि दाद मात्र नाहीशी होते, आणि दाद नसलेली मैफल मला तरी कोरडी वाटते. याच्या उलट उदाहरणही आहे. ‘ग्रेटफुल डेड’चा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रम बेटी कँटर-जॅक्सन यांनी मिक्सरवरून मुद्रित केला होता, आणि ते मुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय मुद्रणसूचीत समाविष्ट केले. मिक्सरवर बसलेला माणूस गाणे ऐकणारा असला की असे घडते.

घरातल्या जुन्या कॅसेटी

इंदूर, देवास आणि ग्वाल्हेरच्या कित्येक मराठी घरांत माळ्यावरच्या डब्यांत घरगुती बैठकींच्या कॅसेटी पडून आहेत. या कामाला सर्वांत जास्त वेळ आणि निगुती लागते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

कॅसेट हाती आली की पहिली गोष्ट म्हणजे तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही टोकांना असलेल्या प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या मोडून टाकणे. त्या मोडल्या की डेकवर चुकीचे बटण दाबले गेले तरी जुन्या गाण्यावर नवे मुद्रण होत नाही. नंतर खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहावे. कडेला पांढरट ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवू नये, कारण बुरशी डेकमध्ये शिरून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. फितीमागचा तांबूस पट्टीवरचा नमद्याचा बारीक तुकडा जागेवर आहे का तेही पाहावे. जुना डिंक वाळून तो गळून पडलेला असतो, आणि मग फीत हेडवर नीट टेकत नाही व आवाज बोदा येतो. अशा वेळी स्क्रूने उघडणारी चांगली रिकामी कॅसेट घेऊन फीत तिच्यात हलवावी. हे काम रात्री, दमलेल्या डोळ्यांनी करू नये.

डेकचे हेड आणि रबरी चाक प्रत्येक दोन-तीन कॅसेटींनंतर पुसावे. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस चालतो, रबराला ते बेताने लावावे. वर्षानुवर्षे न हललेली फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून मोकळी करावी. पुष्कळांना माहीत नसलेली पायरी यानंतरची आहे. प्रत्येक कॅसेट वेगवेगळ्या यंत्रावर भरलेली असल्यामुळे हेडचा कोन तिच्याशी जुळतोच असे नाही. हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवत तंबोऱ्याच्या जव्हारीकडे, म्हणजे तारांच्या गुंजारवाकडे, कान द्यावा. ती जेथे सर्वांत स्वच्छ, तारेच्या टोकापर्यंत ऐकू येते, तो कोन बरोबर.

मग स्वराची तपासणी. वहीत किंवा कॅसेटीच्या कागदावर षड्ज लिहिलेला असेल तर पेटीवर तो ताडून पाहावा. षड्ज सबंध कॅसेटभर सारखाच थोडा वर किंवा खाली असेल तर डेकची गती चुकत असावी. पण गायन सुरुवातीला ठीक असून भैरवीपर्यंत हळूहळू चढत गेले असेल, तर दोष गायकाचा नसतो: मूळ रेकॉर्डर सेलवर चालत होता, सेल उतरत गेले, फीत हळू फिरत गेली, आणि आज योग्य गतीने वाजवताना तीच फीत चढी ऐकू येते. ही दुरुस्ती संगणकावर टप्प्याटप्प्याने करता येते, मात्र दुरुस्तीविना भरलेली मूळ प्रतही ठेवावीच.

संगणकात भरताना डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या, आवाजातले काही न गाळणाऱ्या स्वरूपांतच भरावे. एमपीथ्री ही फक्त फोनवर ऐकण्याची प्रत. ऑडेसिटीसारखी मोफत सॉफ्टवेअरे या कामाला पुरतात. खरखर काढून टाकण्याचे बटण मूळ प्रतीवर कधीही वापरू नये, कारण अखंड सारखा चालणारा आवाज म्हणजे खरखर असे यंत्र समजते, आणि तंबोरा नेमका तसाच असतो; खरखरीबरोबर तोही पुसट होतो. ९० मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू ४५ मिनिटांची असते, त्यामुळे मोठा ख्याल बाजू पालटताना हमखास तुटलेला मिळतो. ती तुटलेली जागा लपवून दोन टोके जोडू नयेत. मध्ये एक सेकंद शांतता ठेवून वहीत तशी नोंद करावी. झालेल्या फाईलीच्या तीन प्रती कराव्यात: एक संगणकावर, एक सुट्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. कॅसेट फेकू नये. पुढेमागे अधिक चांगला डेक मिळू शकतो.

फाईलीचे नाव तारखेने सुरू करावे, पुढे कलाकार, मग स्थळ, मग राग. तारीख माहीत नसेल तर वर्षाचा अंदाज लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. मैफलीची नोंद आणि बेसबॉलची धावपत्रिका एकाच वहीत असू नये, हा माझा हट्ट आहे. दोन्ही वह्यांची पाने मात्र क्रमांकित असावीत, म्हणजे फाईलीच्या नावात वहीचे पान घालता येते.

जुन्या बैठकीचे मुद्रण तयार झाले की पहिली प्रत ज्या घरात ती बैठक झाली त्या घराला आणि दुसरी कलाकाराच्या कुटुंबाला द्यावी, आणि पुढे कुणाला देण्यापूर्वी त्यांना विचारावे. प्रतीसोबत वहीच्या त्या पानाचे छायाचित्र द्यावे. पानावर तबलजीचे नाव नसेल तर ख्यालाची पहिली दहा मिनिटे एखाद्या जुन्या साथीदाराला ऐकवावी. ठेका धरण्याच्या ढंगावरून तो बहुधा नाव सांगतो, आणि ते पेन्सिलीने लिहून प्रत त्यानंतरच पुढे जाऊ द्यावी.